लायडन दोन दिवसांत कसे पाहावे? वेढ्याची कथा कितपत खरी आहे?

सायंकाळची_गाडी:

नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कामानिमित्त हेगला जाणे होत आहे आणि काम संपल्यावर दोन दिवस मोकळे आहेत. अ‍ॅमस्टरडॅम यापूर्वी दोनदा पाहून झाले असल्यामुळे या खेपेस लायडनला जावे असा विचार आहे. या वेळी आई सोबत असेल. तिचे वय सत्तर आहे, उत्साह भरपूर आहे, पण गुडघे साथ देत नाहीत.

शहराविषयी थोडेफार वाचले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. स्पॅनिश सैन्याने वेढा घातला, नागरिकांनी उपाशी राहून शहर लढवले, समुद्राचे पाणी आत घेऊन वेढा मोडण्यात आला आणि बक्षीस म्हणून राजपुत्राने करमाफी किंवा विद्यापीठ यांपैकी एक निवडण्यास सांगितले असता नागरिकांनी विद्यापीठ मागितले. गोष्ट इतकी गोंडस आहे की तिच्यावर विश्वास ठेवायला मन धजावत नाही. यात खरे किती आणि नंतर जोडलेले किती? त्या काळातील प्रत्यक्ष पाहण्यासारखे आज काय उरले आहे? आणि हे रेम्ब्रांटचे जन्मगाव असे सगळीकडे लिहिलेले असते, तर तेथे त्याचे म्हणून नेमके काय आहे?

जुना_कालवा:

संशोधनाच्या निमित्ताने मी चार वर्षे या शहरात राहिलो आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

वेढा खरा आहे, उपासमार खरी आहे आणि शहराच्या निष्ठेची पावती म्हणून विद्यापीठ मिळाले हेही खरे आहे. करमाफी की विद्यापीठ हा निवडीचा प्रसंग मात्र दंतकथा म्हणूनच ऐकावा. गंमत अशी की खऱ्या इतिहासात या दंतकथेपेक्षा अधिक मौज आहे. विद्यापीठाची स्थापना ८ फेब्रुवारी १५७५ रोजी, म्हणजे वेढा उठल्यानंतर जेमतेम चार महिन्यांनी झाली, आणि स्थापनेची सनद स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता, ऑरेंजचा राजपुत्र विल्यम याच्या पुढाकाराने निघाली असली तरी ती दिली गेली स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या नावाने! ज्याच्या फौजेने शहराला उपाशी मारले त्याच राजाच्या नावाने हे विद्यापीठ निघाले, कारण कागदोपत्री तोच अजून हॉलंडचा अधिपती होता आणि बंडखोरांनी त्याचे अधिपत्य औपचारिकरीत्या झुगारलेले नव्हते.

आता वेढ्याविषयी. स्पॅनिश फौज पहिल्यांदा ऑक्टोबर १५७३ मध्ये आली. पुढील वसंतात विल्यमचा भाऊ लुई पूर्वेकडून सैन्य घेऊन चालून आल्यामुळे तिला मार्चमध्ये वेढा उठवून त्याच्या समाचाराला जावे लागले. लुई त्या लढाईत मारला गेला आणि मे महिन्याच्या अखेरीस फौज परत आली. मधल्या दोन महिन्यांत शहराने धान्याची कोठारे भरून ठेवायला हवी होती, ती भरली नाहीत. पुढच्या सगळ्या हालांचे मूळ या एका हलगर्जीपणात आहे, पण उत्सवाच्या भाषणांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो. शहरात सुमारे १८,००० माणसे होती, त्यांपैकी अंदाजे ६,००० भूक आणि साथीच्या रोगाने मेली. निरोप कबुतरांकरवी जात-येत होते. धातूची नाणी संपली तेव्हा कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून, त्यांवर ठसा मारून नाणी काढली गेली. उपाशी लोक शरणागतीची मागणी करू लागले तेव्हा महापौर फान देर वेर्फ याने ‘हवा तर माझा हात तोडून खा, पण शहर देणार नाही’ अशा अर्थाचे काहीतरी म्हटले असे सांगतात. हा प्रसंग बहुधा नंतर रंगवलेला आहे, पण त्यावरचे एकोणिसाव्या शतकातील भलेमोठे चित्र लाकेनहाल संग्रहालयात आहे आणि त्यापुढे उभे राहिल्यावर खरेखोटे करण्याची इच्छा थोडा वेळ तरी मावळते.

पाण्याचा भाग मात्र अक्षरशः खरा आहे. हा सारा प्रदेश समुद्रसपाटीच्या आसपास किंवा तिच्याही खाली आहे आणि बांधांमुळेच कोरडा राहतो. ऑगस्ट १५७४ मध्ये दक्षिणेकडे मास नदीजवळचे बांध मुद्दाम फोडण्यात आले. शेतांवर पाणी पसरले, पण ते सगळीकडे पुरेसे खोल नव्हते, त्यामुळे बंडखोर नौदलाच्या सपाट बुडाच्या होड्या बोआसो या सेनानीच्या नेतृत्वाखाली एकेका आडव्या बांधापाशी अडकत, लढत, पुन्हा थांबत पुढे सरकत होत्या आणि शहरातील लोक मनोऱ्यांवरून वाट पाहत होते. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला वादळी वाऱ्याने समुद्राचे पाणी आत लोटले, पातळी चढली आणि २ ऑक्टोबरच्या रात्री स्पॅनिश सैनिकांनी वेढा सोडून पळ काढला. त्याच रात्री तटाचा एक भाग कोसळला आणि त्या आवाजाने दोन्ही बाजू सारख्याच घाबरल्या. ३ ऑक्टोबरला सकाळी होड्या कालव्यांतून शहरात शिरल्या व हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटण्यात आला.

तुम्ही नेमके त्याच आठवड्यात जात आहात, म्हणून ही तारीख नीट लक्षात ठेवा. ३ ऑक्टोबरला आजही सकाळी जुन्या वजनघरात हेरिंग आणि पांढरा पाव वाटला जातो, मिरवणूक निघते, जत्रा भरते आणि एरवी शांत असणारे हे शहर पार बेभान होते. तो दिवस रविवारी आला तर उत्सव सोमवारी होतो. गर्दी सोसत असेल तर जरूर पाहावे, पण आईंचे गुडघे लक्षात घेता मी दुसरे दिवस निवडले असते. राहण्याची जागाही त्या काळात मिळणे कठीण असते.

त्या काळातले उरलेले काय, या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर बुर्ख्त. ऱ्हाइनचे दोन फाटे शहराच्या मध्यभागी जेथे एकत्र येतात तेथे माणसांनी मातीचा भराव घालून उभारलेली ही टेकडी अकराव्या शतकातील आहे आणि तिच्या माथ्यावर दगडविटांची वर्तुळाकार तटबंदी आहे. उंची जेमतेम १२ मीटर, म्हणजे आपण ज्याला किल्ला म्हणतो तसे तेथे काही नाही हे आधीच सांगतो, नाहीतर निराशा होईल. पण सपाट प्रदेशात १२ मीटरलाही किती मोल असते हे वर गेल्यावर कळते. तटाच्या आतल्या बाजूने फिरण्याची वाट आहे, तिथून कौलारू छपरे आणि अगदी जवळ होखलान्डसे केर्क हे चर्च दिसते. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. पायऱ्या मात्र आहेत.

दुसरे ठिकाण म्हणजे रापेनबुर्ख कालव्यावरची विद्यापीठाची मुख्य इमारत. मूळचे हे जोगिणींच्या मठाचे चर्च, विद्यापीठाने १५८१ पासून वापरायला घेतले. आत एक चिमुकली खोली आहे, तिला ‘घामाची खोली’ म्हणतात, कारण परीक्षेच्या निकालाची वाट पाहत विद्यार्थी तेथे बसत. उत्तीर्ण झालेल्यांनी भिंतींवर आपली नावे लिहिली आणि ती आता छतापर्यंत पोहोचली आहेत. एकावर एक, आडवी, तिरपी, मिळेल त्या फटीत लिहिलेली ती अक्षरे पाहताना शेवटी नावे वाचणे थांबते आणि नुसती शाई दिसू लागते. खोली नेहमी पाहायला मिळेलच असे नाही, पण मागच्या अंगाला असलेले वनस्पती उद्यान पाहता येते. १५९० मध्ये स्थापन झालेल्या या उद्यानात क्लुसियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने लावलेले ट्यूलिपचे कंद १५९४ मध्ये फुलले. त्याच्या छोट्या चौकोनी वाफ्यांच्या बागेची पुनर्रचना तेथे केलेली आहे. ऑक्टोबरमध्ये ट्यूलिप दिसणार नाहीत, पण काचगृहे उबदार असतात आणि बसायला बाके आहेत.

ताणाबाणा:

जुना_कालवा यांनी दिलेल्या माहितीत चूक काढण्यासारखे काही नाही, माझी तक्रार वेगळी आहे. लायडन म्हटले की वेढ्याचे चार महिने सांगून लोक थांबतात आणि त्यानंतरची शंभर वर्षे, ज्यांत हे शहर खरोखर मोठे झाले, ती गाळून टाकतात. आज दिसणारे बहुतेक जुने लायडन वेढ्यातल्या वीरांनी उभारलेले नाही. ते उभे राहिले बाहेरून आलेल्या विणकरांच्या हातांवर.

वेढ्यानंतर शहर अर्धे रिकामे होते. दक्षिणेकडे, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या आणि फ्रान्सच्या उत्तरेच्या भागात, स्पॅनिश सत्ता पुन्हा घट्ट होत गेली, तसे तेथील प्रोटेस्टंट विणकर कुटुंबकबिल्यासह पळून आले आणि लायडनने त्यांना जागा दिली. लोकसंख्या १५८१ मध्ये सुमारे १२,००० होती, ती १६२२ मध्ये सुमारे ४५,००० झाली आणि पुढेही वाढतच गेली. हॉलंडमध्ये अ‍ॅमस्टरडॅमनंतर लायडनचाच क्रमांक लागू लागला. तटाच्या आत माणसे मावेनात म्हणून शहर टप्प्याटप्प्याने बाहेर ढकलावे लागले, घरांचे उभे तुकडे पाडून एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले आणि लहान मुलेदेखील सूत काढण्याच्या कामाला जुंपली गेली. कालव्यांच्या पाण्यात लोकर धुणे, रंगवणे, कापड कुटणे हे सगळे चालत असल्यामुळे त्या वैभवशाली काळात शहराला येणारा वास आज रापेनबुर्खच्या काठी उभे राहून कल्पनेतही येत नाही.

म्हणून माझ्या मते पहिला अर्धा दिवस लाकेनहालला द्यावा. ‘लाकेन’ म्हणजे लोकरीचे जाड, उंची कापड. १६४० मध्ये बांधलेल्या या इमारतीत प्रत्येक तागा तपासणीसाठी येत असे आणि तपासनीसांनी पसंत केल्यावर त्याला शिशाची मोहोर लावली जाई. त्या मोहोरेशिवाय कापड लायडनचे म्हणून विकता येत नसे. इमारतीच्या दर्शनी भागावर कापड तयार होण्याचे टप्पे दगडात कोरलेले आहेत, ते रस्त्यावरूनच दिसतात. आत आयझॅक फान स्वानेनबुर्ख याने रंगवलेली लोकरकामाची चित्रमालिका आहे. मेंढीच्या कातडीवरून लोकर उतरवणे, ती धुणे, विंचरणे, सूत कातणे, विणणे, कुटणे, रंगवणे हे सर्व त्यात ओळीने येते. माग, फणी, चाती यांची ओळख असलेल्या कोणालाही त्या चित्रांपुढून लवकर हलवत नाही. मी स्वतः धोट्याकडे पाहत किती वेळ घालवला ते सांगत नाही.

याच चित्रकाराचा मुलगा याकोब हा रेम्ब्रांटचा पहिला गुरू, म्हणजे तुमचा तिसरा प्रश्नही येथेच सुटतो. रेम्ब्रांट १५ जुलै १६०६ रोजी वेडेस्टेख नावाच्या गल्लीत एका पवनचक्कीवाल्याच्या घरी जन्मला, येथील लॅटिन शाळेत शिकला आणि १६३१ च्या सुमारास अ‍ॅमस्टरडॅमला गेला तो तिकडचाच झाला. जन्मघर उरलेले नाही, जागेवर एक फलक आहे आणि समोर पाण्यापलीकडे जुन्या पद्धतीची लाकडी पवनचक्की पुन्हा बांधून उभी केली आहे. त्याची प्रसिद्ध चित्रे अ‍ॅमस्टरडॅमला किंवा हेगलाच पाहावी लागतात. लाकेनहालमध्ये त्याचे अगदी कोवळ्या वयातले, चष्मे विकणाऱ्या फेरीवाल्याचे छोटे चित्र आहे. ते पाहून ‘हा पुढे रेम्ब्रांट होणार’ असे मला तरी वाटले नसते. त्याच इमारतीत लुकास फान लायडन याचे ‘अंतिम न्याय’ हे तीन फळ्यांचे चित्र आहे, आणि खरे सांगायचे तर त्या संग्रहालयातील सर्वांत मोठा ठेवा तो आहे. १५६६ मध्ये चर्चमधील मूर्ती-चित्रांची मोडतोड झाली त्यातूनही ते वाचले.

परागंदा होऊन येथे आलेल्यांमध्ये इंग्रजांचाही एक गट होता. १६०९ मध्ये जॉन रॉबिन्सन या धर्मोपदेशकाबरोबर ते लायडनला आले, त्यांतले बरेच जण कापडाच्या धंद्यातच पडेल ते काम करून जगले, आणि १६२० मध्ये त्यांच्यातील काही जण डेल्फ्सहाफेन बंदरातून निघून पुढे ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेला गेले. रॉबिन्सन मागेच राहिला. पीटर्सकेर्क या मोठ्या चर्चमध्ये त्याला पुरले आणि तो राहत असे त्या जागी, चर्चच्या समोरच, १६८३ मध्ये बांधलेले एक ‘होफ्ये’ आहे.

होफ्ये म्हणजे काय ते सांगतो, कारण आईंना हेच सर्वांत आवडेल असा माझा अंदाज आहे. श्रीमंत माणसांनी मृत्युपत्रात पैसे ठेवून गरीब वृद्धांसाठी बांधलेल्या, मधल्या बागेभोवतीच्या लहान लहान घरांचा हा चौक असतो. रस्त्यावर एक साधे दार असते, ते ढकलून अरुंद बोळातून आत गेले की एकदम हिरवळ, गुलाब, मध्ये पाण्याचा हातपंप आणि भोवताली एकाच उंचीची दारे. लायडनमध्ये अशी तीसहून अधिक होफ्ये आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात, त्यामुळे आवाज करू नये, खिडकीतून डोकावू नये, आणि दार बंद असले तर ते आपल्यासाठी बंद आहे असे समजावे.

शून्याखाली:

वरच्या दोघांच्या वादात विज्ञान राहून गेले, म्हणून थोडक्यात लिहितो. याच शहरात कामरलिंग ओनेस याने १९०८ मध्ये हेलियम वायू प्रथमच द्रवरूपात आणला आणि १९११ मध्ये अतिथंड पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो हे पाहिले. अतिसंवाहकता ती हीच. बूरहाव्हे संग्रहालयात त्याच्या प्रयोगशाळेतली उपकरणे आहेत आणि अठराव्या शतकातील ‘लायडन जार’ या विद्युतभार साठवणाऱ्या बरणीचीही ओळख तेथे होते. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ज्या बरणीचे चित्र आपण सर्वांनी काढले तिच्या नावातले लायडन ते हे. गॅलिलिओचा गतिशास्त्रावरील शेवटचा ग्रंथ इटलीत छापणे शक्य नव्हते, तो १६३८ मध्ये येथील एल्झेविर छापखान्यातून बाहेर पडला.

पौर्वात्य विद्येत रस असेल तर हेही सांगतो की हेन्ड्रिक केर्न हे बनारसला अध्यापन करून १८६५ मध्ये येथे संस्कृतचे प्राध्यापक झाले, आणि राजराज चोळाने नागपट्टणमच्या बौद्ध विहाराला दिलेल्या गावाचा ताम्रपट येथील विद्यापीठाच्या संग्रहात दीर्घकाळ राहिल्यामुळे ‘लायडन ताम्रपट’ याच नावाने अभ्यासकांत ओळखला जातो.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरून जाताना एक तारीख आठवावी. २६ नोव्हेंबर १९४० रोजी विधिशाखेचे प्रमुख क्लेव्हरिंखा यांनी, जर्मन सत्तेने बडतर्फ केलेले आपले ज्यू सहकारी मायर्स यांच्या बाजूने या इमारतीत भाषण केले. त्यानंतर विद्यार्थ्यांनी संप केला, क्लेव्हरिंखा तुरुंगात गेले आणि विद्यापीठ बंद करण्यात आले. ‘स्वातंत्र्याचा बालेकिल्ला’ हे विद्यापीठाचे लॅटिन बोधवाक्य ही हकीकत कळेपर्यंत मला नुसते शोभेचे वाटत असे.

सायंकाळची_गाडी:

इतक्या तपशिलाची अपेक्षाच नव्हती, तिघांचे मनापासून आभार. तारखा बदलून ५ आणि ६ ऑक्टोबर ठरवत आहे. आता दोन शंका. आईला फार चालवायचे नसेल तर क्रम कसा लावावा? आणि पीटर्सकेर्कचे छायाचित्र पाहिले, एवढ्या मोठ्या चर्चला मनोरा कसा नाही?

जुना_कालवा:

मनोरा होता. दर्यावर्दींना दूरवरून दिसत असे इतका उंच होता, तो १५१२ मध्ये कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. आत गेलात तर पायाखालच्या थडग्यांच्या फरश्या पाहा. चित्रकार यान स्टेन तेथेच पुरलेला आहे.

ताणाबाणा यांची तक्रार मला मान्य आहे. वेढ्याची गोष्ट सांगायला सोपी पडते म्हणून मीही तीच आधी सांगितली. त्यांच्या यादीत एवढीच भर घालतो की कापडाचा धंदा अठराव्या शतकात बसला, शहर ओस पडत गेले आणि १२ जानेवारी १८०७ रोजी कालव्यात उभ्या असलेल्या दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन सुमारे १५० माणसे मेली व मध्यवस्तीतली घरांची रांगच्या रांग जमीनदोस्त झाली. त्या मोकळ्या पडलेल्या जागेचा एक भाग म्हणजे आजची फान देर वेर्फ बाग. एवढ्या दाट शहराच्या मधोमध अचानक एवढे मोठे मैदान कसे, असा प्रश्न तेथे बसल्यावर पडतो, त्याचे उत्तर हे आहे.

क्रम असा लावा. पहिल्या दिवशी स्थानकातून बाहेर पडल्यावर दहा मिनिटांच्या आत द फाल्क ही १७४३ ची सात मजली पवनचक्की लागते. आत चढाव जिन्यांचा आणि शिड्यांसारखा उभा आहे, म्हणून तुम्ही वर जा आणि आईंना खालच्या मजल्यावरील चक्कीवाल्याचे घर पाहू द्या. तेथून लाकेनहाल अगदी जवळ आहे. दुपार तेथेच घालवा. दुसऱ्या दिवशी रापेनबुर्ख, वनस्पती उद्यान आणि त्याच काठावरचे पुरातत्त्व संग्रहालय हे एका दमात होते. त्या संग्रहालयाच्या दालनात ताफेहचे मंदिर दगडन् दगड पुन्हा रचून उभे आहे. आस्वानच्या धरणामुळे बुडणारी न्युबियातील स्मारके वाचवण्यास केलेल्या मदतीबद्दल इजिप्तने ते नेदरलँड्सला दिले. बाहेर पाऊस पडत असताना तेथे बसून राहणे मला नेहमी आवडत आले आहे. पीटर्सकेर्क आणि होफ्ये तेथून चालण्याच्या अंतरावर आहेत. बुर्ख्त सोडले तरी चालेल, किंवा आईंना खालच्या कमानीपाशी बसवून तुम्ही वर जाऊन या. गल्ल्यांतील रस्ते गोट्यांचे आणि उंचसखल आहेत, जाड तळव्याचे बूट हवेतच. एक गोष्ट पाहूनच घ्या, सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, तेव्हा दोन्ही तारखांचे वार तपासा.

चालून कंटाळा आला तर कालव्यांतून फिरवणाऱ्या होड्या आहेत. पुलाखालून जाताना डोके वाकवावे लागते, गुडघे नाही.

ताणाबाणा:

बुधवार किंवा शनिवार पडत असेल तर न्यूवे राइनच्या काठचा बाजार चुकवू नका. छप्पर असलेल्या कोर्नब्रुख पुलावर पूर्वी धान्याचा व्यवहार चाले, आता तेथे उभे राहून खाली बाजाराची गजबज पाहता येते. चीजच्या गाडीवर स्थानिक चीज मागा. त्यात जिरे घातलेले असते, आणि अस्सल असेल तर सालीवर शहराच्या चिन्हातल्या, एकमेकींवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन चाव्या उमटवलेल्या दिसतील. संत पीटरच्या त्या चाव्यांवरूनच लायडनला चाव्यांचे शहर म्हणतात. आईंना पहिल्याच तुकड्यात जिरे ओळखू येईल.

आणि हुट्सपॉट हा कुटलेल्या भाज्यांचा पदार्थ मागवलात तर गोष्टीसह खा. वेढा उठल्यावर ओस पडलेल्या स्पॅनिश छावणीत एका अनाथ मुलाला भाजी-मांसाचे गरम भांडे सापडले अशी कथा सांगतात आणि ते म्हणून दाखवले जाणारे भांडे लाकेनहालमध्ये आहे. आज त्यात बटाटा कुटलेला असतो, पण १५७४ मध्ये बटाटा तेथील लोकांच्या ताटात आलेला नव्हता. मूळ पदार्थात गाजरासारखे दिसणारे पार्सनिप हे पांढरे कंद असत.

सायंकाळची_गाडी:

वार पाहिले, एक दिवस शनिवारच आहे. आईला जिऱ्याच्या चीजविषयी सांगितले, तर तिने पहिला प्रश्न विचारला, जिरे भाजून घालतात की कच्चे? कोणाला ठाऊक असल्यास कळवावे.

ताणाबाणा:

मी खाल्लेल्या चीजमध्ये अख्खे होते आणि भाजल्याचा खमंगपणा लागला नाही. बाकी चीजवाल्याला तुम्हीच विचारा आणि येथे लिहा.